तांत्रिक तालीम आणि नट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात मराठी नाटक करणारे आपण बहुतेक सगळे नोकरी, दुकान, कॉलेज सांभाळून तालमीला येणारे. दीड-दोन महिने कोणाच्या तरी हॉलमध्ये, नाहीतर गच्चीवर तालीम चालते आणि प्रयोगाच्या आधी एखादा दिवस, कधी अर्धाच दिवस, नाट्यगृह हातात येतं. त्या दिवसाबद्दल नव्या मंडळींचे प्रश्न वर्षभर येत राहतात. पुन्हा पुन्हा येणारे तेवढे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं नटाच्या बाजूने लिहिली आहेत. प्रकाशयोजनाकाराला किंवा ध्वनी सांभाळणाऱ्याला लागणारी माहिती यात नाही.

१. तांत्रिक तालीम म्हणजे नक्की काय? रंगीत तालमीपेक्षा ती वेगळी कशी?

तांत्रिक तालमीत नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, कपडेपट आणि सामान या सगळ्यांची तुमच्या हालचालींशी पहिल्यांदा गाठ पडते. नाटक सलग होत नाही. एक क्यू (दिवा किंवा आवाज बदलायची ठरलेली खूण) घेतात, थांबतात, दुरुस्त करतात, पुन्हा घेतात. दोन क्यूंच्या मधली पाच-सहा पानं सरळ गाळलीही जातात. रंगीत तालीम त्यानंतरची. तिथे रंगभूषा-वेशभूषेसह पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत नाटक न थांबता होतं, जणू समोर प्रेक्षक बसले आहेत. आपल्याकडे वेळेअभावी दोन्ही एकाच दिवशी उरकतात. तसं असलं तरी सकाळी काय आणि संध्याकाळी काय, हे दिग्दर्शकाकडून आधीच स्पष्ट करून घ्या, कारण नटाने या दोन्ही वेळी वागायची रीत वेगळी आहे (प्रश्न ४ आणि १८ पाहा).

२. किती वेळ लागतो? घरी काय सांगून निघू?

पूर्ण दिवस सांगा. साध्या दोन अंकी नाटकातही प्रकाश आणि ध्वनी मिळून पन्नास-साठ क्यू सहज होतात. एकेकाला सरासरी पाच मिनिटं धरली तरी साठ क्यूंचे पाच तास झाले. त्यात सेट लावणं, दिवे फोकस करणं आणि जेवण आलेलं नाही. फोकस चालू असताना नटांना बोलावलेलं नसेल तर रंगमंचावर जाऊ नका. वर शिडीवर माणूस असतो आणि त्याच्या हातात तापलेला दिवा असतो.

३. सोबत काय काय आणायचं?

प्रयोगात घालणार तीच पादत्राणं. बाकी सगळ्याच्या आधी ही. हॉलच्या फरशीवर अनवाणी तालीम केलेली असते आणि लाकडी रंगमंचावर कोल्हापुरी चप्पल घातली की चालणंच बदलतं, आवाजही होतो. लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याच्या) पायऱ्या चढता-उतरताना तर फारच. याशिवाय संहितेची प्रत, पेन्सिल, पाण्याची बाटली, विंगेत (रंगमंचाच्या कडेच्या आडोशाला) घालायला गडद रंगाचा सदरा किंवा ओढणी, आणि कोरडं खाणं. सकाळी पोहे-जलेबी खाऊन या, पण कचोरीचे तेलकट हात घेऊन कपडेपटाजवळ जाऊ नका. एप्रिल-मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो, तालमीच्या वेळी वातानुकूलन बहुधा बंद असतं आणि वर हॅलोजनचे हजार-हजार वॉटचे दिवे असतात. घाम पुसायला पंचा हवाच.

४. पूर्ण ताकदीने अभिनय करायचा की नुसतं चालून दाखवायचं?

आवाज राखून ठेवा, बाकी काही राखू नका. म्हणजे असं: रडणं, ओरडणं, लांब स्वगत हे सगळं अर्ध्या आवाजात चालेल. पण उभं राहायची जागा, वळण्याची दिशा, वाक्याची लय आणि बसण्या-उठण्याचा वेग प्रयोगात असेल तोच हवा. प्रकाशयोजनाकार तुमच्या चालण्याच्या वेगावर दिवा किती सेकंदांत उजळायचा ते ठरवतो. तालमीत रेंगाळत आलात आणि प्रयोगात झपाट्याने आलात, तर तुम्ही खुर्चीत बसून वाक्य सुरू केल्यावर दिवा मागून येईल.

अपवाद दोन. आवाजाची पातळी घेत असताना (प्रश्न १०) पूर्ण आवाज द्यायचा, आणि तोही त्या प्रसंगातला सगळ्यात चढा. दुसरा अपवाद मारामारी, ढकलाढकली, पडणं यांचा. हे आधी निम्म्या वेगाने, नव्या उजेडात, नव्या पायऱ्यांवर करून बघायचं आणि मगच पूर्ण वेगाने.

५. मध्येच "थांबा" असा आवाज आला की काय करायचं?

जिथे आहात तिथे, तसेच थांबा. हात वर असेल तर क्षणभर तो तसाच राहू द्या. विंगेत जाऊ नका, सहकलाकाराशी गप्पा सुरू करू नका, आणि "माझ्यामुळे का?" असं विचारू नका. दहांतल्या नऊ वेळा तुमचा काही संबंध नसतो. खाली कोणीतरी वही उघडून आकडे लिहीत असतं आणि त्याला तुमचा चेहरा त्याच जागी हवा असतो. पुन्हा सुरू करताना "अमुक वाक्यापासून" असं सांगतील. ते वाक्य तुमचं नसलं तरी त्याच्या आधी तुम्ही कुठे होतात ते आठवून तिथे जा. नव्या नटांची गडबड नेमकी इथे होते. वाक्यं पाठ असतात, पण कुठल्या वाक्याला आपण कुठे होतो हे पाठ नसतं. आदल्या रात्री संहितेच्या समासात प्रत्येक प्रसंगाची आपली जागा पेन्सिलने टिपून ठेवा.

६. "लाइट घे, लाइट घे" असं ओरडतात. लाइट घ्यायचा म्हणजे काय, आणि मला कसं कळणार मी उजेडात आहे की नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो यायलाच हवा. उजेडात उभं राहणं ही शिकून घ्यायची गोष्ट आहे, वाक्यफेकीइतकीच.

जुन्या हॅलोजनच्या दिव्यांत ऊब लागते. डोळे मिटून पुढे-मागे सरकलात तरी कपाळावर, गालावर सगळ्यात जास्त ऊब कुठे लागते ते कळतं, आणि तीच दिव्याची मधली जागा. एलईडी दिव्यांत ही खूण जवळजवळ नाहीशी झाली आहे. तिथे डोळ्यांचा आधार घ्यावा लागतो. आपल्यावर रोखलेल्या दिव्याकडे ओझरतं बघा. भिंगाचा मधला झगझगीत ठिपका डोळ्यात आला तर तुम्ही मध्यभागी आहात. नुसती भिंगाची कड चमकताना दिसली तर बाहेर आहात. टक लावून पाहू नका, नाहीतर पुढची काही सेकंदं समोर हिरवे-जांभळे डाग नाचतील.

फ्रेनेल दिव्याची कड मऊ असते, पाव पाऊल इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. प्रोफाइल या दुसऱ्या प्रकारच्या दिव्याची कड चाकूसारखी असते, तिथे नाक उजेडात आणि कान अंधारात असं होतं. म्हणून कुठल्या प्रसंगात आपल्यावर कुठला दिवा आहे ते तालमीतच विचारून घ्या. प्रकाशयोजनाकाराला असा प्रश्न विचारणारा नट आवडतो.

अजून एक. अमेरिकेतल्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली मांडलेली पद्धत आजही पुष्कळ ठिकाणी पायाला असते. समोरून, वरून, डाव्या-उजव्या बाजूंनी साधारण पंचेचाळीस अंशांत दोन दिवे, एक उबदार रंगाचा, एक थंड. तशी मांडणी असेल तर मान थोडी वळवली की चेहऱ्यावरचा रंगही वळतो. कुठली बाजू उबदार आहे हे माहीत असलेला नट एखादं वाक्य मुद्दाम त्या बाजूला वळून म्हणू शकतो. आणि उंचावरून दिवा असेल तर हनुवटी खाली गेली की डोळे सावलीत जातात. पत्र वाचण्याचे प्रसंग इथेच बुडतात. पत्र छातीच्या उंचीवर धरा.

७. काळोखात मला काहीच दिसत नाही, पडायची भीती वाटते. काय करू?

भीती योग्य आहे, ती दाबू नका. प्रखर उजेडातून एकदम अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तुमच्याजवळ असतात दहा सेकंद. म्हणून डोळ्यांच्या भरवशावर काळोखातली हालचाल बसवायचीच नाही. पावलं मोजा. शेवटच्या जागेपासून विंगेपर्यंत किती पावलं, वाटेत पायरी कितव्या पावलाला, हात लावायला फ्लॅटची (सेटच्या उभ्या भिंतीची) कड कुठे लागते. हे आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग खऱ्या काळोखात करून बघा. काळोख पडायच्या आधी पाठ प्रेक्षकांकडे असेल तर काही सेकंद डोळे मिटून घेतल्यानेही थोडी मदत होते.

पायऱ्यांच्या आणि टेबलाच्या कडांना ग्लो टेप (अंधारात चमकणारी चिकटपट्टी) लावून मागा. ती स्वतः उजळत नाही, तिला आधी उजेड मिळावा लागतो. सोफ्याखाली सावलीत लावलेली पट्टी दिसणार नाही. विंगेतला दिवा निळा आणि मंद ठेवायला सांगा. मोबाइल तर विंगेत उघडूच नका. एकदा तो पडदा डोळ्यांसमोर आला की सरावलेली नजर गेली. आणि काळोखातली कुठलीही जागा धोक्याची वाटली तर त्याच क्षणी मोठ्याने सांगा. त्यासाठी तालीम थांबली तरी कोणी रागावू नये, आणि रागावलं तरी तुम्ही सांगा.

८. आमचे लाइट आणि साउंडवाले हिंदी बोलणारे आहेत. त्यांना मराठी वाक्यावरचे क्यू कसे कळणार?

मुंबई-पुण्याच्या मंडळींना हा प्रश्न पडत नाही, आपल्याला दर नाटकात पडतो. ही मंडळी फार कसबी असतात, दिवसाआड कुठला ना कुठला कार्यक्रम सांभाळतात, पण संहितेची भाषा त्यांची नसते. ही दरी भरून काढण्यात नटाचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली व्यवस्था मंडळाने करायची: मराठी येणारा एक माणूस संहिता घेऊन ऑपरेटरच्या शेजारी बसतो आणि प्रत्येक क्यूच्या आधी "तयार" आणि क्यूला "जा" म्हणतो. हा माणूस मिळाला तर निम्मं काम झालं. पण पुष्कळदा तो मिळत नाही, कारण जो मोकळा असतो त्यालाही शेवटी छोटी भूमिका दिलेली असते.

मग क्यू डोळ्यांना दिसणाऱ्या कृतीवर बांधायचे. एक प्रसंग घ्या. मावशी भाच्याकडून निघते आहे आणि तिच्या शेवटच्या "येते हं मी" वर काळोख आहे. पण आपल्या बायका एकदा म्हणून निघतात कुठे! ती उठताना "येते हं मी" म्हणते, भाचीच्या हातावर नोट ठेवताना म्हणते, आणि दाराशी पुन्हा म्हणते. भाषा न कळणाऱ्या माणसाने पहिल्याच वेळी काळोख केला तर त्याचा काय दोष? ऑपरेटरला सांगायचं ते असं: "मावशी स्टूल से थैली उठाएगी, दरवाज़े की कडी खोलेगी, कडी की आवाज़ पर ब्लैकआउट." आता मावशी करणाऱ्या नटीची जबाबदारी सुरू होते. पिशवी आधी आणि कडी मग, हा क्रम प्रत्येक वेळी तोच. पिशवी प्रेक्षकांकडच्या हाताने उचलायची, म्हणजे प्रेक्षागृहाच्या मागे ऑपरेटर बसतो त्या बूथमधूनही दिसते. कडी वाजली पाहिजे. पहिल्या दोन "येते हं मी" च्या वेळी हात चुकूनही पिशवीकडे जाता कामा नये.

जिथे कृती नाही, नुसतं वाक्यच आहे, तिथे वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या, शेजारी त्याचा अर्थ हिंदीत. मराठी त्यांना बोलता येत नसली तरी वाचता येते, हा आपला फायदा. तालीम सुरू व्हायच्या आधी ते शब्द तुम्ही स्वतः, तुमच्या आवाजात, तुमच्या चालीत त्यांना दोनदा म्हणून दाखवा. आवाजाची ओळख पटते. बूथपर्यंत चालत जाऊन "भिया, ये वाली लाइन मेरी है" असं सांगणारा नट त्या रात्री निर्धास्त असतो. शेजारी बसून चहा घेतलात तर नाटकाची गोष्टही सांगा. गोष्ट माहीत असलेला माणूस एखादं वाक्य चुकलं तरी प्रसंग ओळखतो.

९. माझी वाक्यं ओघात थोडी बदलतात. अर्थ तोच राहतो. चालेल ना?

ज्या वाक्यावर क्यू आहे तिथे अजिबात नाही. कारण वर प्रश्न ८ मध्ये आलंच आहे. बाकी ठिकाणचं तुम्ही, तुमचे दिग्दर्शक आणि लेखक ठरवा. तांत्रिक तालमीत आपल्या प्रतीमध्ये क्यूची वाक्यं रंगीत पेन्सिलने अधोरेखित करून घ्या, म्हणजे कुठली वाक्यं जशीच्या तशी हवीत ते कळेल.

१०. माइकचं काय? कॉलर माइक लावल्यावर खरखर येते.

बायकांच्या बाबतीत ती बहुधा मंगळसूत्राची किंवा पदराच्या पिनेची असते, पुरुषांच्या बाबतीत कडक कांजीच्या उपरण्याची. माइक केसांच्या रेषेशी, कपाळाच्या वरच्या बाजूला लावून बघायला सांगा. मिठी, थप्पड, डोक्यावरून पदर घेणं अशा कृती आवाज घेताना प्रत्यक्ष करून दाखवा. नुसतं "हॅलो, हॅलो" म्हणून काही कळत नाही. विंगेत गेल्यावर आपला माइक चालूच आहे असं धरून चाला.

रंगमंचाच्या कडेला ठेवलेले किंवा वर टांगलेले माइक असतील तर ते पावलांचा दणदणाट आधी उचलतात आणि शब्द नंतर. तिथे पादत्राणांचा प्रश्न पुन्हा येतो (प्रश्न ३).

११. कपडे तालमीतही घालायचे का? चुरगळतील ना!

निदान एकदा, त्या त्या प्रसंगाच्या प्रकाशात, घालायलाच हवेत. हिरव्या प्रकाशात लालभडक साडी काळपट दिसते, आणि कुंकूही. पांढराशुभ्र सदरा इतका उजेड परततो की त्यावरचा चेहरा सावळा वाटायला लागतो. हे खाली बसलेल्यांनाच दिसतं, तुम्हाला नाही.

आणि झटपट बदल. पाचवारीतून नऊवारीत जायला संहितेत दोन मिनिटांचा काळोख आणि एक गाणं दिलेलं असेल, तर तो बदल तांत्रिक तालमीत घड्याळ लावून, अरुंद विंगेत, निळ्या दिव्यात, मदतनीसासह झाला पाहिजे. रंगपटात मोकळ्या जागेत केलेला बदल मोजू नका. वेळ पुरत नसेल तर शिवलेली नऊवारी किंवा आत आधीच नेसून ठेवणं असे उपाय त्याच दिवशी ठरवता येतात.

१२. दिग्दर्शक दिवसभर माझ्याकडे बघतही नाहीत. मी वाईट काम करतेय का?

नाही. त्या दिवशी ते तुमच्यामागची भिंत, तुमच्यावरचा उजेड आणि तुमच्या पायाखालची सावली बघत असतात. दोन महिने रोज मिळालेली दाद एकदम बंद होते, त्याचं वाईट वाटतं, हे खरं आहे. पण हा दिवस मला नटासाठी सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या घराच्या खिडकीतून संध्याकाळ कशी येते ते तुम्ही पहिल्यांदा बघता. हॉलमध्ये दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना तुम्ही खिडकी म्हणत होतात. आता तिथे खरंच तिरपा पिवळा उजेड पडला आहे आणि तुमच्या पात्राला त्या उजेडात उभं राहावंसं वाटतं की टाळावंसं वाटतं, हे शोधायला थांबण्याचे तासच्या तास तुमच्या हातात आहेत. खुर्चीवर बसा, दाराचा कडीकोयंडा हाताळा, कपाटाचा कुठला दरवाजा अडकतो ते बघा. प्रयोगात त्या घरात तुम्ही वर्षानुवर्षं राहत असता. ती सवय लावायला दुसरा दिवस मिळणार नाही.

१३. एखादा क्यू मला चुकीचा वाटला तर सांगायचं का?

स्वतःच्या शरीराशी संबंधित असेल तर लगेच: दिसत नाही, ऐकू येत नाही, पोचता येत नाही, भाजतं, घसरतं. सौंदर्याबद्दलचं मत असेल तर जेवणाच्या सुट्टीत, एकट्या दिग्दर्शकाला.

१४. धूर सोडतात तेव्हा मला त्रास होतो. दमा आहे. सांगू की नको?

तालमीच्या कितीतरी आधी सांगा. यंत्राच्या धुराने घसा कोरडा पडतो आणि काहींना खोकल्याची उबळ येते. यंत्राचं तोंड वळवणं, प्रमाण कमी करणं, तुमची एंट्री दुसऱ्या विंगेतून घेणं, हे सगळं शक्य असतं. कोरड्या बर्फाचा धूर वेगळा. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो. त्यात झोपायचा किंवा पडून राहायचा प्रसंग असेल तर नकार द्या. झगमगणारा स्ट्रोब वापरणार असतील आणि कोणालाही अपस्माराचा इतिहास असेल तर तेही आधीच कळायला हवं. खरी समई किंवा निरांजन पेटवणार असाल तर सिंथेटिक साडी नको आणि विंगेत वाळूची बादली हवी.

१५. चष्म्यावर दिवा चमकतो.

परावर्तन कमी करणारा थर असलेली भिंगं घ्या, किंवा काड्या कानांवर किंचित उचला म्हणजे भिंग खाली झुकतं. पात्राला चष्मा आहे आणि तुम्हाला नाही, तर नुसती चौकट पुरते.

१६. मुंबईची व्यावसायिक मंडळी येतात आणि त्याच दिवशी प्रयोग करतात. त्यांना चालतं, मग आम्हाला एवढा दिवस का?

सानंद न्यास या इंदूरच्या संस्थेच्या पाच प्रेक्षक-समूहांसाठी एकाच नाटकाचे प्रयोग खंडवा रोडच्या सभागृहात ओळीने होतात, ते पाहून हा प्रश्न येतो. त्यांचं नाटक तोवर अनेक नाट्यगृहांत उभं राहिलेलं असतं. सेट, बॅकस्टेजची माणसं, दिवे आणि ध्वनी चालवणारे त्यांचेच, आणि संहिता सगळ्यांच्या कानात बसलेली. तरीही जमलं तर पडदा उघडण्याआधी त्यांच्यातले अनुभवी नट रंगमंचावर जाऊन कसे वागतात ते बघा. एंट्रीच्या वाटा चालून बघतात, एखादं वाक्य शेवटच्या रांगेकडे टाकून बघतात. तीच त्यांची त्या जागेपुरती तांत्रिक तालीम.

१७. एकांकिका स्पर्धेत नाट्यगृह आधी मिळतच नाही. तिथे काय करायचं?

कोरडी तांत्रिक तालीम. हॉलच्या फरशीवर रंगमंचाचं खरं माप टेपने आखा, विंगाही आखा. एक जण क्यूंची यादी वाचतो, "उजेड डावीकडे", "फोन वाजला", "काळोख", आणि नट त्याप्रमाणे चालतात, थांबतात. ध्वनी तर मोबाइल आणि छोट्या स्पीकरवरही घेता येतो, त्याला सबब नाही. सेट लावायची वेळही घड्याळ लावून घ्या, नटांसकट. स्पर्धेत लेव्हल उचलायला नटच असतात. अशा वेळी क्यू कमी ठेवणं हाही चांगला निर्णय असतो. प्रत्यक्ष रंगमंचावर मिळालेल्या मिनिटांत नटांनी दोनच गोष्टी करायच्या: काळोखातल्या वाटा (प्रश्न ७) आणि मुख्य जागांचा उजेड (प्रश्न ६).

१८. क्यू आलाच नाही तर मी सांभाळून घेऊ का?

प्रयोगात हो, तालमीत नाही. तांत्रिक तालमीत फोन वाजला नाही तर "अरे, फोन वाजतोय वाटतं" असं म्हणून पुढे जाऊ नका. थांबून राहा. तुम्ही सांभाळून घेतलंत तर चूक कोणाच्या लक्षातच येत नाही आणि ती प्रयोगापर्यंत तशीच राहते. रंगीत तालमीत मात्र प्रयोगाचा नियम. तिथे काय बोलून वेळ मारून न्यायची ते सहकलाकाराबरोबर आधीच ठरवून ठेवा, निदान फोन, दारावरची घंटा आणि बंदुकीचा आवाज या तिघांसाठी.

१९. तांत्रिक तालीम झाल्यावर एखादा नट बदलला तर सगळं पुन्हा करायचं?

सगळं नाही. नव्या नटाच्या उंचीचा फरक मोठा असेल तर त्याच्या ठरावीक जागांचे दिवे पुन्हा बघावे लागतात. ज्या क्यूंवर त्याचं वाक्य किंवा कृती आहे तेवढे क्यू, काळोखातल्या त्याच्या वाटा, त्याचे कपड्यांचे बदल आणि मारामारी, एवढं प्रत्यक्ष रंगमंचावर झालंच पाहिजे, आणि त्यासाठी समोरच्या नटांनीही यायचं. ऑपरेटरला नवा माणूस प्रत्यक्ष दाखवा, त्याचा आवाज ऐकवा. जुन्या नटाने क्यूच्या खुणा केलेली आपली प्रत नव्याच्या हातात द्यावी.